चौदा नंबरची सातवी गाडी

कचेरीत आलेल्या त्या चित्रात आमची गल्ली इतकी देखणी दिसत होती, की मी ती आधी ओळखलीच नाही. दोन्ही बाजूंना झाडं, झाडांखाली बाक, बाकांवर सडपातळ माणसं, एका मुलीच्या हातात फुगा. त्या चित्रात एकाचाही गुडघा दुखत नसावा. मग कोपऱ्यात काचकारखान्याची चिमणी दिसली आणि मी मनात म्हटलं, अगं बाई, हा तर आमचा शेवटचा थांबा!

"जुन्या वस्तीचं पुनरुज्जीवन," चित्र घेऊन आलेला तरुण आर्किटेक्ट म्हणाला. त्याला आम्ही पाठीमागे चित्रकार म्हणायचो. कारखान्याच्या जागी घरं आणि छोटे कारागीर येणार, रस्ता नवा होणार, आणि चौदा नंबरची बस नव्याने आखायची. शहराच्या आणि आसपासच्या गावांच्या बसगाड्या आखणं हे आमच्या कचेरीचं काम, आणि त्यांची वेळापत्रकं बसवणं हे माझं. चौतीस वर्षं तेच करते आहे. निवृत्तीला आठ महिने उरलेत, त्यामुळे हल्ली मी कोणाला घाबरत नाही, आणि पूर्वी घाबरत होते असंही कोणी म्हणणार नाही.

चित्राबरोबर अहवाल होता. त्यात लिहिलं होतं, की कारखाना बंद पडल्यामुळे वस्तीला उतरती कळा लागली. तारीख चुकलेली दिसली की माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

"कारखाना नंतर बंद पडला," मी म्हटलं. "थांब्यावरचं चहाचं दुकान त्याच्या सहा वर्षं आधी गेलं. मग न्हावी गेला, मग पेपरवाला. कारखाना सगळ्यात शेवटी."

"मग वस्ती ओस पडली कशामुळे?" चित्रकाराने विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी काहीतरी पुटपुटले आणि कागद आवरायला घेतले. खरं उत्तर होतं, माझ्यामुळे. आणि ते मी आजवर आईपुढेसुद्धा मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

माझे बाबा चौदा नंबरचे ड्रायव्हर. आमचं घर शेवटच्या थांब्यापासून तिसरं. तेव्हा चौदा नंबरवर सात गाड्या होत्या. जायला अठ्ठावीस मिनिटं, यायला अठ्ठावीस, आणि दोन्ही टोकांना सात-सात मिनिटं गाडी उभी. म्हणजे सत्तर मिनिटांचा फेरा आणि दर दहा मिनिटांनी एक गाडी. प्रत्येक गाडीच्या पुढच्या काचेत एक पत्र्याची छोटी पाटी असायची: १४/१, १४/२, असं करत १४/७ पर्यंत. सातवी बाबांची.

शाळा सुटली की मी पायरीवर ठाण मांडायची. सहा गाड्या दुसऱ्यांच्या, सातवी आपली. ती वळणावरून यायची, थांबायची, आणि बाबा इंजिन बंद करायचे. मग इतकं शांत व्हायचं की त्यांच्या बुटांचा आवाज थांब्यापासून आमच्या दारापर्यंत ऐकू यायचा. आईने चहा गाळून ठेवलेला असायचा. सात मिनिटांत बाबा चहा घ्यायचे, माझ्या वहीतलं एखादं गणित तपासायचे आणि आईशी दोन वाक्यं बोलायचे. भांडण चालू असेल तर ते अर्ध्यावर राहायचं आणि पुढच्या फेरीला नेमकं तिथूनच पुढे सुरू व्हायचं. कपाट कोणत्या भिंतीला लावायचं यावरचं एक भांडण चार फेऱ्या चाललं होतं. शेवटी आईने पाचव्या फेरीच्या आत कपाट स्वतःच सरकवून घेतलं.

माझ्या हातात गजराचं घड्याळ असायचं. सहा मिनिटं झाली की मी ओरडायची, "सहा झाली!" मग बाबा ताडकन उठून मला सलाम ठोकायचे. "निघतो, कंट्रोलर." डेपोत घड्याळ घेऊन बसणाऱ्या कंट्रोलरला सगळे ड्रायव्हर टरकून असायचे, म्हणून माझं हे नाव. बाकीच्या मुलांचे बाबा दिवसातून एकदा घरी यायचे. माझे पाच-सहा वेळा यायचे आणि तितक्याच वेळा जायचे. वाट बघण्यात मी तेव्हा जी तरबेज झाले, ती आजपर्यंत आहे.

तेविसाव्या वर्षी मी ह्याच कचेरीत लागले. बाबा महिनाभर डेपोत छाती फुगवून फिरत होते. पहिलंच काम मिळालं ते असं: गाड्या जुन्या झाल्यात, नव्या येत नाहीत, कुठल्यातरी मार्गावरून एक गाडी काढून द्या. मी तक्ते उघडले. त्यात एक रकाना होता, त्याचं नाव 'रिकामा वेळ'. चौदा नंबरपुढे त्यात लिहिलं होतं सात आणि सात. मी केलं दोन आणि दोन. फेरा साठ मिनिटांवर आला, गाडी दर दहा मिनिटांनीच राहिली आणि सातांचं काम सहांत भागलं. एकाही प्रवाशाचं एक मिनिट वाया गेलं नाही. तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

आता कोणी म्हणेल, सातवी गाडी बापाची हे तुला माहीत नव्हतं का? होतं की. पण खरी मेख इथेच आहे. कागदावर कोणतीच गाडी जात नाही. सातांच्या सहा करताना सगळ्या ओळी थोड्या-थोड्या सरकतात, नव्या वेळा बसतात, आणि शेवटी उरलेल्या सहांतली कोणती कोणाची हे सांगता येत नाही. मला खरंच वाटलं, की बाबांनाही एक सरकलेली ओळ मिळेल, फारतर चहा घाईने प्यावा लागेल, त्याबद्दल रविवारी त्यांची माफी मागू. डेपोत मात्र माणसं ओळींवर उभी नसतात, पाट्यांवर असतात. सातवी पाटी काचेतून काढली गेली आणि तिच्यामागचा माणूस नदीपलीकडच्या हॉस्पिटलच्या मार्गावर गेला.

वेळापत्रकाच्या तळाशी ते तयार करणाऱ्याची सही असते. ती माझी होती.

त्या संध्याकाळी बाबांनी टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "गणित बरोबर आहे तुझं. मी दोनदा करून बघितलं." एवढंच. पुढची नऊ वर्षं ते पहाटे जायचे आणि संध्याकाळी एकदा यायचे, इतरांच्या बाबांसारखे. निवृत्तीनंतर चार वर्षांनी गेले. मला कितीतरी गोष्टी त्यांना सांगायच्या होत्या. सात मिनिटं मिळाली असती तर सांगितल्या असत्या, असं मी स्वतःला सांगते, पण त्या नऊ वर्षांत रविवार काय कमी होते?

चित्र पाहिल्याच्या दुसऱ्या शनिवारी मी आईकडे गेले. आई ऐंशीची. त्याच घरात एकटी राहते आणि हलायचं नाव काढलं की तिला कमी ऐकू यायला लागतं. ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिच्या पिठाच्या डब्याचं झाकण कधीच हरवलंय, त्यावर ती बाबांची ती पत्र्याची पाटी ठेवते. १४/७. भंगारात जायच्या आधी बाबांनी ती मागून आणली होती. तीस वर्षांहून जास्त काळ ती पीठ झाकते आहे, आणि तितकीच वर्षं मी त्या डब्याकडे न बघता त्या घरात वावरते आहे.

मी आईपुढे चित्र धरलं. तिने चष्मा लावला.

"ही बाकांवरची माणसं कुठली?"

"खरी नाहीत गं ती. नुसती काढलीत."

"मग बसायला कोण येणार? इथे तर कुत्रंही थांबत नाही."

तिचं काही चुकलं नव्हतं. मी खिडकीतून थांब्याकडे पाहिलं. चौदा नंबर आली, दोन माणसं उतरली आणि खाली मान घालून झपझप निघून गेली. इंजिन तसंच घरघरत होतं. दोन मिनिटांत गाडी वळून गेलीसुद्धा.

का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं. "आई, चौदाची सातवी गाडी मी काढली होती."

"माहीत आहे की," आई कणीक मळत म्हणाली. "तुझी सही वाचता येते मला."

"मला वाटलं होतं की त्यांना दुसरी पाटी मिळेल."

"मिळत होती."

माझा हात चित्रावरच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे काय? नोकरीत जुना तो आधी निवडतो, डेपोची रीतच होती ती. तुझे बाबा तिसरे होते यादीत. सहावीवर नुसतं बोट ठेवायचं होतं. पण सहावीवरचा ड्रायव्हर नवा होता, त्याच्या घरी बाळ झालेलं, तो गेला असता नदीपलीकडे. शिवाय लोकांची तोंडं कोण धरणार? मुलगी कागद करते आणि बाप सोय बघून घेतो, असं म्हणाले असते. तुझी नवी नोकरी." आईने गोळा परातीत आपटला. "मी म्हटलं, आयुष्यात एकदा तरी हट्ट करा. तर हसले आणि म्हणाले, कंट्रोलरचा हुकूम आहे, वेळ झाली, निघायला हवं."

मी खाली बसले. बाबांना कोणी विचारलंच नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते आणि त्यावरच माझं कसंबसं भागत होतं. आता तोही आधार गेला. मी रडले. आईने रडू दिलं. तिचे हात पिठाचे होते, म्हणून तिने कोपराने माझ्या खांद्याला ढोसलं.

"आणि तू?" मी विचारलं. "तू कधी बोलली नाहीस."

"बोलून काय होणार होतं? पहिले काही दिवस सवयीने दार उघडत होते. मग लावून घेतलं." तिने कणकेवर फडकं टाकलं. "एकच सांगते. गाडी यायची आणि ते इंजिन बंद करायचे ना, तेव्हा एकदम शांत व्हायचं. मी गॅसपाशी असायची, आणि ते शांत झालं की मला कळायचं, आले. आता कोणी इंजिन बंदच करत नाही. दोन मिनिटांसाठी कशाला करतील? ते एकदा ऐकायचंय मला. बाकी तुमचे बाक ठेवा तुमच्याकडेच."

आईने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. आणि ती वेळापत्रकातली होती! मी दुसरं काय बसवते?

सोमवारच्या बैठकीत मी कागद मांडला. चौदा नंबरवर सात गाड्या, दोन्ही टोकांना सात मिनिटं.

साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण माणूस सरळ. "मॅडम, सहांत भागतंय," ते म्हणाले. "सातवी कशाला? उभी राहायला?"

"हो. उभी राहायला."

"तुमचं घर आहे ना तिथे?"

बैठकीत कोणीतरी खोकलं. एरवी मी नाकावर माशी बसू देत नाही, पण ह्या वेळी म्हटलं, "आहे. म्हणून तर मला माहीत आहे. ह्या आर्किटेक्टसाहेबांनी विचारलं होतं ना, वस्ती कशामुळे ओस पडली? माझ्यामुळे. चौतीस वर्षांपूर्वी ही सातवी गाडी मीच काढली."

मग मी सगळं सांगितलं. आधी दर दहा मिनिटांतली सात मिनिटं त्या थांब्यावर एक गाडी उभी असायची, दिवे लावून, दार उघडं ठेवून. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरायचे. लोक लवकर येऊन आत बसायचे, जागा धरून पेपर आणायला जायचे. न्हाव्याकडे गप्पा मारणारे वेगळे आणि दाढी करणारे वेगळे. बायका एकट्यादुकट्या बिनधास्त यायच्या, कारण थांब्यावर कायम कोणी ना कोणी असायचं. मी ती सात मिनिटं दोन केली, आणि दहातली आठ मिनिटं तिथे काळं कुत्रं उरलं नाही. चहावाल्याने एक वर्ष कसंबसं काढलं. मग एकामागून एक सगळेच गेले. "आमच्या तक्त्यात त्या रकान्याला रिकामा वेळ म्हणतात," मी म्हटलं. "मी त्या नावावर विश्वास ठेवला. गल्ली त्या वेळावर जगत होती."

चित्रकार आपल्या चित्राकडे टक लावून बघत होता. मग त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि इतक्या झाडांच्या, बाकांच्या त्या गर्दीत थांब्यावर एक बस काढली. "मी हिची जागाच ठेवली नव्हती," तो म्हणाला. "साहेब, ही नसेल तर माझे बाक धूळ खात पडतील."

साहेबांनी बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली. "सहा महिने," ते शेवटी म्हणाले. "त्या बॅटरीवरच्या नव्या गाड्या येताहेत, त्यांतल्या सात चौदावर टाकू. सहा महिन्यांत थांब्यावर जाग आली नाही, तर सातवी परत घ्यायची."

माझा जीव भांड्यात पडला. इतका, की 'बॅटरीवरच्या' हा शब्द कानावरून गेला आणि माझ्या डोक्यात काहीच वाजलं नाही. मी वेळापत्रक बसवायला घेतलं. चौतीस वर्षांत एवढ्या मन लावून मी एकही कागद केला नसेल. मिनिट-मिनिट तपासलं. मग खाली सही केली.

पहिल्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळीच आईकडे पोचले. रस्ता निम्मा झाला होता, झाडं कमरेएवढीही नव्हती, पण दोन बाक आले होते. आईने इस्त्रीची साडी नेसली होती. पायरीवर उशी घालून ती बसली. तिच्या मांडीवर पाटी होती, घासूनपुसून लख्ख केलेली. "राहू दे जवळ," ती म्हणाली.

"पहिली," मी म्हटलं. हल्ली पत्र्याच्या पाट्या नसतात, काचेवर हिरव्या दिव्यांचे आकडे असतात. १४/१. गाडी थांबली. सात मिनिटं उभी राहिली आणि गेली. दुसरी आली. आई मान पुढे काढून बघत होती. तिसरी, चौथी. एक म्हातारे गृहस्थ बाकावर येऊन टेकले आणि उगाच बसून राहिले. मला उठून त्यांना हार घालावासा वाटला. पाचवी. सहावीच्या वेळी आई आत जाऊन चहा ठेवून आली. मी विचारलं नाही, कोणासाठी.

मग वळणावरून सातवी आली. पांढरी, चकचकीत. थांब्यावर उभी राहिली. मी आईकडे बघत होते. आई डोळे मिटून, कान देऊन बसली होती. एक मिनिट गेलं, दीड गेलं.

"का गं, बंद का करत नाही हा? एकदम शांत झालेलं कळलंच नाही मला," आईने विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वेळापत्रकात वेळ असतो, आवाज नसतो. सकाळपासून सहा गाड्या आल्या-गेल्या, आणि मी घड्याळ बघण्यात इतकी गर्क, की एकीचाही आवाज आला नाही हे मला कळलंच नव्हतं.

"बंदच आहे आई," मी म्हटलं. "ह्या गाड्यांना आवाज नसतोच. येतानाही नसतो. मी... माझ्या लक्षातच आलं नाही गं."

आईने डोळे उघडले. तिने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता पाटीवरून अंगठा फिरवला, सातच्या आकड्यावरून.

तेवढ्यात गाडीचं दार उघडलं आणि ड्रायव्हर खाली उतरली. तिशीची बाई होती, पायांत जाड तळव्यांचे बूट. नव्या फरशीवरून ती चालायला लागली तसा त्या बुटांचा आवाज स्पष्ट येऊ लागला, टक टक, आमच्याच दिशेने. आई ताठ झाली. तिचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट आवळला. मीही श्वास रोखला होता. खोटं कशाला बोलू, त्या चार-पाच पावलांपुरती मी दहा वर्षांची होते.

ड्रायव्हर आमच्या अलीकडच्या नळापाशी थांबली. तिने बाटली भरून घेतली, आमच्याकडे बघून ओळखदेख नसताना हसली आणि परत गेली. बुटांचा आवाज लांब होत गेला. मी घड्याळ पाहिलं. सहा झाली होती. सातव्या मिनिटाला गाडी आवाज न करता निघून गेली.

आत चहा उकळून उतू गेल्याचा वास येत होता. आम्ही दोघी हललो नाही.

"परत कधी?" आईने विचारलं.

"पुढची तीन मिनिटांत येईल."

"ती नव्हे. सातवी."

"त्रेसष्ट मिनिटांनी."

आईने उशी सारखी केली आणि पाटी पदराखाली नीट धरून भिंतीला टेकली.

"मग बसते मी," ती म्हणाली. "तू जा आत. गॅस बंद कर, आणि पिठाच्या डब्यावर एखादी ताटली ठेव."